आधी उलटं करून बघा: पुण्यात जुनं देशी फर्निचर घेणाऱ्या नवख्यांसाठी

नऊ वर्षांपूर्वी मी एक पटारा घेतला. पटारा म्हणजे काठेवाडी पेटारा. मुलीच्या लग्नात कपडे-भांडी भरून सासरी पाठवायचा, पितळी पत्र्याने मढवलेला, खाली चाकं असलेला. दुकानदार म्हणाला, "ताई, दीडशे वर्षांचा पीस आहे, जुन्या हवेलीतला." मी झाकण उघडलं, आतला वास घेतला, पितळेवरून हात फिरवला आणि जराशी घासाघीस करून पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी हमालांनी तो आमच्या जिन्यात आडवा केला तेव्हा त्याचा तळ मला पहिल्यांदा दिसला. तळाला प्लायवूड होतं. आणि दीडशे वर्षांच्या हवेलीतल्या त्या प्लायवूडवर निळ्या शाईत 'आय.एस. 303' असा, म्हणजे आजच्या प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का होता. हमाल हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

पटारा अजून घरात आहे. त्यात गोधड्या असतात. तसा वाईट नाही तो. बाजूच्या फळ्या खऱ्या सागाच्या आहेत, कड्याही जुन्या आहेत. पण मी पैसे दिले ते दीडशे वर्षांचे. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: जी वस्तू उलटी करून दाखवायला दुकानदार कुरकुरतो, ती घ्यायची नाही.

पायरी 1: शब्दांना भुलू नका

पुण्यात जुन्या फर्निचरच्या दुकानात सगळंच 'अँटिक' असतं, परवा पॉलिश केलेलं सुद्धा. जाणकार साधारण असा फरक करतात: शंभर वर्षांहून जुनं ते अँटिक, आणि त्याहून अलीकडचं, पण आपल्या काळाची ठसठशीत ओळख सांगणारं ते व्हिंटेज. आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची, काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट, वेताने विणलेली बैठक, ही बहुतेक व्हिंटेज. अँटिक नाही म्हणून त्यांना कमी लेखू नका. रोज वापरायला तीच जास्त सोयीची पडतात.

लोककलेचं फर्निचर ही तिसरीच गोष्ट. तिथे वयापेक्षा हात महत्त्वाचा. गावच्या सुताराने, चरकावर लाकूड कातणाऱ्या कातारीने किंवा चिताऱ्याने, कुठल्याही कॅटलॉगमध्ये न बघता, समोरच्या घराच्या गरजेसाठी केलेली वस्तू: पाट, चौरंग, पाण्याची भांडी ठेवायची घडवंची, देव्हारा, पाळणा, मांडणी, फडताळ, हडपा. त्यात मापं थोडी चुकलेली असतात. डावीकडचा मोर उजवीकडच्या मोरापेक्षा लठ्ठ असतो. मला विचाराल तर पैसे त्या लठ्ठ मोराचे द्यायचे.

'अँटिक फिनिश' मात्र वेगळा. तो नव्या वस्तूला मुद्दाम दिलेला म्हातारपणाचा मेकअप. जोधपूरला आंब्याच्या आणि बाभळीच्या लाकडात असं फर्निचर मोठ्या प्रमाणावर बनतं आणि जगभर जातं. नवं म्हणून घेतलं तर त्यात फसवणूक काहीच नाही. जुनं म्हणून विकलं की मात्र आहे.

पायरी 2: टेप घेऊन घरात फिरा

दुकानात जायच्या आधी जागा ठरवा, उलट नको. पेठेतल्या वाड्यात जे शोभायचं ते वनाझच्या दोन खोल्यांत अंगावर येतं. दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची मापं लिहून ठेवा. बऱ्याच सोसायट्यांत लिफ्टचं दार अडीच फुटांच्या आसपास असतं. अखंड कपाट त्यातून जात नाही आणि जुनं कपाट सुटं होईलच असंही नाही.

जुन्या कपाटाची खोलीही मोजा. घडीच्या कपड्यांसाठी केलेली कपाटं अठरा-वीस इंच खोल असतात. हँगर आडवा लावायचा तर बावीस-चोवीस इंच लागतात, नाहीतर शर्टाच्या बाह्या दारात चिमटतात. जुन्या पलंगाला आजच्या मापाची गादी बसत नाही, ती करून घ्यावी लागते. तो खर्च आधीच धरा.

आणि झोपाळा. पुण्यात येणाऱ्या प्रत्येकाला पितळी कड्यांचा झोपाळा हवा असतो. वाड्यात तो सागाच्या तुळईला टांगलेला असे. फ्लॅटमध्ये वर सिमेंटचा स्लॅब असतो, आणि हूक कुठे व कसा बसवायचा हे सोसायटीला आणि जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय ड्रिल मशीन हातात घेऊ नका. भाड्याचं घर असेल तर सरळ चौकटीवर उभा राहणारा झोपाळा बघा. कोरीव दरवाजावर काच टाकून डायनिंग टेबल करायची एक फॅशन आहे. करा बापडे. पण काच आणि नक्षी यांच्या फटीत पोह्यांचा एक दाणा गेला की मुंग्यांची वारी सुरू होते, हे मी एका मैत्रिणीकडे बघितलं आहे.

पायरी 3: डोळा तयार करा, तोही फुकटात

खरेदीच्या आधी दोन-तीन रविवार नुसते बघण्यात घालवा. बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. 'अज्ञातवासी' नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या आठवणीत ते उभं केलं. तिथे राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा घरातल्या वस्तू जास्त: अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, कोरीव दारं. कोथरूडहून हलवून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही तिथेच आहे. नुसतं 'किती सुंदर' म्हणून पुढे सरकू नका. दाराच्या कोणत्या भागावर हात लागून लागून लाकूड गुळगुळीत झालंय, नक्षीची कोणती टोकं झिजली आणि कोणती जशीच्या तशी राहिली, ते बघा. खरी झीज अशी ठिकाणं निवडून होते.

तिथून चालत विश्रामबाग वाड्यापर्यंत जा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, 1807 सालचा. रस्त्यावर उभं राहूनच वरच्या सज्ज्याचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खांब आणि कोरीव काम बघता येतं. सागाचं कोरीव काम उन्हापावसात कसं म्हातारं होतं याचं यापेक्षा मोठं उदाहरण शहराच्या मध्यावर दुसरं नाही. ते एकदा डोळ्यांत बसलं की तपकिरी पॉलिश फासलेली नवी नक्षी लगेच ओळखू येते.

पायरी 4: कुठे शोधायचं

सगळ्यात आधी स्वतःच्या माणसांकडे. मावशीचा माळा, गावाकडची पडवी, वाडा पाडायला निघालेले शेजारी. माझ्याकडची सगळ्यात देखणी वस्तू एक पाट आहे, आणि तो मी पैसे देऊन घेतलेला नाही. सोवळ्याचं जेवण बंद झाल्यावर आत्याने तो गॅसच्या सिलिंडरखाली ठेवला होता. उलटा केला तर खाली हिरव्या ऑइल पेंटने आजोबांची आद्याक्षरं. कार्याला शेजारपाजारचे पाट गोळा व्हायचे आणि पंगत उठल्यावर आपला पाट ओळखून परत आणायचा, त्यासाठी. घरच्या वस्तूची चौकशी करताना मात्र 'विकायचा आहे का' असं एकदम विचारू नका. 'वापरात नसेल तर मी नेऊ का' हे ऐकायला बरं वाटतं.

मग मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. तिथे मोठं फर्निचर शोधायला जाऊ नका. कड्या, कोयंडे, जुनी कुलुपं, झोपाळ्याच्या साखळ्या, सुताराची जुनी हत्यारं यांसाठी जा. सकाळी लवकर, सुटे पैसे घेऊन. नवे पितळी बिजागर आणि मुठी लागल्या तर रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच. कोरं जुनं लाकूड, म्हणजे पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब, हवं असेल तर भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये चौकशी करा.

शहराच्या कडेला जी मोठमोठी गोदामासारखी दुकानं आहेत तिथे गुजरात, राजस्थान, दक्षिण, सगळीकडचा माल एकत्र येतो. बघायला मजा येते. पण पहिल्या फेरीत पैशाचं पाकीट घरी ठेवा. मी हे गमतीने म्हणत नाही.

ऑनलाइन फोटो बघून घेणार असाल तर विक्रेत्याकडून तळाचा, पाठीचा आणि ड्रॉवर बाहेर काढून आतला, असे तीन फोटो मागा. समोरून काढलेले दहा फोटो आले आणि हे तीन आले नाहीत, तर उत्तर मिळालं.

पायरी 5: काय घ्यायचं ते ठरवा

नवख्यांनी पाट, चौरंग, तिवई, छोटी पेटी यांपासून सुरुवात करावी. चूक झाली तरी ती स्वस्तात होते आणि उचलून बाजूला ठेवता येते.

रंगीत काम आवडत असेल तर सावंतवाडी डोळ्यासमोर ठेवा. तिथल्या चितारआळीत गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) आणि लाकडी खेळण्यांबरोबर पाट, चौरंग आणि इतर फर्निचरही रंगवलं जातं. लाखेचं काम, काठावर वेलबुट्टी, मध्ये दशावतारासारखी चित्रं. तिथे आजही काम चालतं, त्यामुळे जुनाच हवा असा हट्ट नसेल तर नवा चौरंग थेट कारागिराकडून घेणं मला जास्त पटतं. कोकणच्या दमट हवेतून पुण्याच्या एप्रिलमध्ये आलेलं लाकूड मात्र तडकू शकतं. पहिला उन्हाळा त्याला एसीच्या झोतापासून आणि खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा.

गुजरातेत बडोद्याजवळचं संखेडा. कातीव पायांचं, लाल-तपकिरीवर सोनेरी नक्षीचं फर्निचर. ते सोनेरी दिसतं, पण मुळात सोनं नसतं. कथलाची म्हणजे कलईची पूड करून त्याने नक्षी काढतात, आणि वरून लाख चढली की चंदेरीची सोनेरी होते. झोपाळे, पाळणे, छोट्या खुर्च्या आपल्याकडेही खूप घरांत आल्या. जुनं संखेडा घेताना लाखेचे पोपडे बघा. एकदा सुटायला लागली की आपल्याकडचा पॉलिशवाला ती नीट करू शकत नाही.

काठेवाडचा पटारा आणि गोधड्यांची चळत रचायचा दमचिया, पंजाब-राजस्थानकडचा सुतळीने विणलेला बुटका पीढा, मुनीमाची उतरत्या झाकणाची पेटी, कराईकुडीहून येणारे चेट्टीनाडचे भलेमोठे खांब, हे सगळं इथे मिळतं. खांबांचं मी सोडून देते. आठ फुटी छताच्या घरात दहा फुटी खांब कापून लावलेला बघवत नाही.

पायरी 6: उलटं करा

इथे घाई नको. सोबत मोबाइलचा टॉर्च, छोटं लोहचुंबक, मोजायचा टेप आणि कापसाचा बोळा एवढं असू द्या. दुकानदाराला सांगून, त्याच्याच माणसाकडून वस्तू आडवी करून घ्या.

पहिल्यांदा न दिसणाऱ्या बाजू. जुना सुतार समोरच्या बाजूला रंधा मारून मारून आरसा करायचा आणि पाठीला तेवढा वेळ घालवायचा नाही. म्हणून खाली-मागे वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) किंवा रंध्याचे उथळ खळगे बोटांना लागतात. डोळे मिटून हात फिरवा, जास्त कळतं. करवतीच्या खुणा सरळ पण कमी-जास्त अंतरावर असतील तर हातकरवत. गोल, कमानीसारख्या एकसारख्या खुणा असतील तर गोल पात्याची मशीन. मशीन म्हणजे लबाडी नव्हे, पण मग वयाचा दावा तपासून बघायला हवा.

रंग बघा. जुन्या लाकडाची न पॉलिश केलेली बाजू धुळकट, कोरडी, फिकट तपकिरी झालेली असते, आणि सगळीकडे सारखी नसते. चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा एकच रंग तळाला, पाठीला, ड्रॉवरच्या आत, अगदी सांध्यातही गेलेला दिसला तर तो डाग मुद्दाम दिलेला आहे. एखादी मूठ सैल असेल तर जरा सरकवून बघा. तिच्याखाली तिच्याच आकाराची वेगळ्या रंगाची सावली हवी.

सांधे. जुन्या कामात एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात घालून वरून लाकडी खुंटी ठोकलेली असते. लाकूड वर्षानुवर्षं आकसतं, खुंटी तेवढी आकसत नाही, म्हणून खुंटीचं टोक पृष्ठभागाच्या किंचित वर आलेलं बोटाला जाणवतं. हे नकली करणं कठीण. ड्रॉवरच्या कोपऱ्यात हाताने कापलेले डवटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे एकमेकांत अडकणारे दात, असतील तर दात एकसारखे नसतात, आणि सुताराने आखताना ओढलेली बारीक रेघही तिथे अजून दिसते.

लाकूड आडव्या अंगाने आकसतं, उभ्या अंगाने जवळपास नाही. म्हणून जुन्या गोल टेबलाचा किंवा चौरंगाचा व्यास दोन दिशांनी मोजा. थोडा फरक आला, म्हणजे गोल किंचित अंडाकृती झाला असेल, तर आनंद माना.

खिळे आणि स्क्रू. घडीव खिळ्यांची डोकी वेडीवाकडी, अंग चौकोनी. सागासारख्या लाकडात लोखंडाभोवती काळपट निळा डाग पडतो. खिळा जुना आणि भोवतीचं लाकूड स्वच्छ, असं असेल तर खिळा नंतर ठोकला. फुलीच्या खाचेचे स्टार स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात आले, तेव्हा पेशवाईच्या पेटीत ते शोभत नाहीत. दुरुस्तीत घातलेले असू शकतात. एक-दोन असतील तर दुरुस्ती, सगळेच असतील तर वस्तूच नवी. पितळेला चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा.

पृष्ठभाग लाखेच्या पॉलिशचा आहे का हे स्पिरिटने कळतं. दुकानदाराला विचारून, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, बोळ्यावर एक थेंब. चपडा लाख विरघळून चिकट होते आणि बोळा तपकिरी होतो. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही आजकालची पॉलिशं ढिम्म राहतात. यातून पॉलिश कळतं, वय नाही. लाखेचं पॉलिश कालही मारता येतं.

रंगवलेल्या वस्तूची झीज खूप बोलकी असते. चौरंगाचा रंग कडांना आणि मध्यावर उडतो, पायांच्या आतल्या बाजूला नाही. पेटीचा रंग झाकण उचलताना जिथे बोटं लागतात तिथे. कागदाने घासून 'जुना' केलेला रंग सगळ्या कडांना सारखाच उडालेला असतो, हाताला न पोहोचणाऱ्या कोपऱ्यातही.

माझ्या हॉलमधल्या घडवंचीवर दोन काळसर गोल आहेत, एक मोठा, एक लहान. मोठा हंड्याच्या बुडाचा, लहान कळशीचा. लहान गोल थोडा पुढे सरकलेला आहे, कारण कळशी रोज उचलायची आणि हंडा तिथेच असायचा. पॉलिशवाल्याने हे गोल घासून काढायची तयारी दाखवली होती. मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं.

एक फसवी मधली जात आहे: जुन्या लाकडातून केलेलं नवं फर्निचर. लाकूड खरंच जुनं, त्यामुळे वरच्या अर्ध्या परीक्षा ते पास होतं. ओळख म्हणजे निरर्थक भोकं. टेबलाच्या पायात मध्येच बुजवलेलं चौकोनी भोक, फळीच्या कडेला तुटलेली खाच, जिचा टेबलाशी काही संबंध नाही. ती आधीच्या खिडकीची किंवा तुळईची आठवण. टिकायला अशी वस्तू उत्तम. फक्त किंमत नव्या वस्तूची द्या.

आणि पुण्यातला एक खास मुद्दा. नदीकाठच्या पेठांतून आलेलं कपाट असेल तर 12 जुलै 1961 लक्षात ठेवा. पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी नदीकाठचे वाडे पाण्याखाली गेले. एका कपाटाच्या पाठीला मी कमरेच्या उंचीवर आडवी, सरळ, काळी रेघ बघितली आहे, खाली फळ्या करड्या पडलेल्या. पाय टोचून बघा, लाकूड भुसभुशीत झालंय का. सागाचं असेल तर बहुतेक टिकलेलं असतं.

पायरी 7: किडा

जुन्या वस्तूला भोकं असणारच. प्रश्न एवढाच, की भाडेकरू अजून आत आहे का. जुनी भोकं आतून काळसर, कडा मऊ झालेल्या. ताज्या भोकांच्या कडा तीक्ष्ण, आत फिकट लाकूड, आणि खाली मैद्यासारखी बारीक पूड. हा किडा सहसा लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागतो, आतल्या गाभ्याला कमी. सागाचा गाभा वाळवीलाही दाद देत नाही, पण पाठीला किंवा ड्रॉवरच्या तळाला हलकं लाकूड वापरलेलं असतं आणि कीड तिथून शिरते.

आणल्यावर वस्तू सरळ हॉलमध्ये घेऊ नका. बाल्कनीत किंवा पार्किंगमध्ये काळ्या कागदावर दहा-पंधरा दिवस ठेवा. रोज सकाळी कागद बघा. पूड दिसली तर पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकांत औषध घालून घ्या. रॉकेल ओतायचा घरगुती उपाय वरवरचा आहे, आतली अंडी त्याने जातीलच असं नाही, आणि घराला वास लागतो तो वेगळा.

पायरी 8: भाव, बिल आणि कायदा

किमतीचा तळ काढायला एक साधा हिशेब आहे. साग घनफुटाने विकला जातो. फळीची लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणा आणि 144 ने भागा. सहा फूट लांब, बारा इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे पाऊण घनफूट. वस्तूतल्या सगळ्या फळ्यांची बेरीज करून टिंबर मार्केटमधल्या त्या दिवसाच्या जुन्या सागाच्या भावाने गुणा. हा झाला नुसत्या लाकडाचा दाम. त्यावरचे पैसे तुम्ही कारागिरीचे आणि वयाचे देताय, आणि ती दोन्ही खरी आहेत का हे तुम्ही सहाव्या पायरीवर बघितलंय. त्यात टेम्पो, हमाली, सुतार, पॉलिश मिळवा. साग आणि शिसवीत गोंधळ होत असेल तर उचलून बघा: शिसवी चांगलीच जड, जांभळट काळी. काळं पॉलिश मारलेला साग तिच्या भावात विकतात, म्हणून रंग तळाला, पॉलिश नसलेल्या जागी बघायचा.

घासाघीस करताना वस्तूची निंदा करू नका, दुकानदार दुखावतो आणि भाव अडतो. दोष दाखवून 'हे दुरुस्त करून द्याल का' असं विचारा. पुष्कळदा तो दुरुस्तीऐवजी पैसे कमी करतो. बिलावर लाकडाची जात, अंदाजे वय, आणि 'जुनी वस्तू' की 'जुन्या लाकडातून नवी' हे लिहून मागा. तोंडी दीडशे वर्षं सांगणारा माणूस लिहिताना अचानक तीस वर्षांवर येतो.

1972 च्या पुरावशेषांच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, कोरीव काम, इमारतीतून काढलेले भाग वगैरे पुरावशेष ठरू शकतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भावाला दारावरची जुनी कोरीव गणेशपट्टी पाठवायचा बेत असेल तर तो इथेच थांबवा. शिसवी ज्या प्रजातीतली, त्या डालबर्जियाच्या सगळ्या जाती 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहेत, तेव्हा शिसवी खुर्ची बाहेर पाठवायच्या आधीही परवान्याची चौकशी करा. हस्तिदंताचं जडावकाम असलेली वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे. आणि देवळातून आलेलं काहीही नको. गावातलं देऊळ उघडं पडतं आणि आपल्या भिंतीवर एक कोनाडा सजतो.

पायरी 9: घरी आल्यावर हात आवरा

नवा मालक पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त नुकसान करतो. मऊ ब्रशने धूळ झाडा, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा. रंगीत वस्तूवर आधी कोपऱ्यात ओला बोळा फिरवून बघा. रंग बोळ्यावर आला तर पाणी वर्ज्य. पितळ चिंच-मीठ किंवा पावडरीने चमकवायचं तर ते लाकडावरून सोडवून मग. तसंच घासलंत तर पांढरी पूड नक्षीत अडकून बसते आणि टूथपिकने काढत दुपार जाते.

सरसकट घासून नवं पॉलिश हा शेवटचा उपाय. झिजलेल्या जागा, डाग, हाताची चकाकी, ज्याचे पैसे दिलेत तेच कागदाने निघून जातं. कोरडं पडलेलं लाकूड मेणाने किंवा पातळ हाताने लावलेल्या बेलतेलाने, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाने, तरतरीत होतं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात; उघड्यावर पसरून वाळू द्या. लाखेच्या पृष्ठभागावर गरम कप ठेवला की पांढरा गोल उमटतो, म्हणून पाहुण्यांसमोर चहाबरोबर बशीही द्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. त्यामुळे जुना रंग कोरडा घासायचा नाही, आणि रंगवलेला जुना पाळणा बाहुलीसाठी ठेवा, बाळासाठी नको.

वेताची बैठक सैल झाली असेल तर विणकऱ्याला बोलावण्याआधी खालच्या बाजूने ओल्या फडक्याने वेत भिजवा आणि दोन दिवस कोणालाही बसू न देता वाळू द्या. वेत तुटलेला नसेल तर तो बराचसा ताणून बसतो.

सुतार निवडताना त्याला फक्त एक विचारा: "काका, याला खिळा न मारता जमेल का?" लगेच 'हो' म्हणणारा आणि लगेच 'नाही' म्हणणारा, दोघेही जरा बाजूला ठेवा. जो वस्तू हातात घेऊन उलटी करतो त्याला काम द्या.

जुलैत ड्रॉवर अडकतील. तेव्हा मात्र त्याच सुताराला बोलावू नका. ओल्या हवेने लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा रंधा मारलात तर मार्चमध्ये तोच ड्रॉवर खुळखुळायला लागतो. सरकपट्टीवर मेणबत्ती घासा आणि दसऱ्यापर्यंत थांबा.